पनीरचं पाणी आधी बाजूला काढा, मग ईटीपीची यंत्रं ठरवा

ज्यांच्या प्रश्नावर हे उत्तर आहे, त्यांची धाराशिव जिल्ह्यातल्या कळंब तालुक्यात डेअरी आहे. रोज २० हजार लिटर दूध येतं. त्यातलं बहुतेक पिशवीतून विकलं जातं, साधारण हजार लिटरचं पनीर होतं, बाकी दही आणि थोडा खवा. सांडपाणी दिवसाला ४० घनमीटर. ईटीपीसाठी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लँटसाठी, तीन कोटेशनं आली आहेत. पहिल्यात यूएएसबी (हवेशिवाय घाण कुजवून गॅस देणारी टाकी) आणि त्यामागे एरेशन (हवा फुंकून जिवाणूंकडून घाण संपवणारी टाकी), दुसऱ्यात एमबीबीआर (तरंगत्या प्लास्टिकच्या चकत्यांवर जिवाणू वाढवणारी टाकी), अल्ट्राफिल्ट्रेशन आणि आरओ, तिसऱ्यात कंटेनरसारखं एकसंध ‘पॅकेज’ यंत्र. किमतीत तिपटीचा फरक. यातली कुठली यंत्रं खरंच लागतात, असा त्यांचा प्रश्न आहे.

तिन्हींतलं एकही कोटेशन आहे तसं मंजूर करू नका. तिघांनीही तुमच्या पाण्याचा बीओडी, म्हणजे त्यातली घाण खायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, लिटरला १५०० मिलिग्रॅम धरलाय आणि तिथूनच हिशेब सुरू केलाय. तुमचं पाणी कुणी मोजलेलं दिसत नाही. सरासरी आकड्यावर घेतलेलं यंत्र सरासरी दिवशी चालतं. डेअरीत तसा दिवस क्वचितच उगवतो. पहाटे टँकर धुतात, दुपारी पनीरची बॅच सुटते, रात्री सीआयपी (यंत्रं आणि पाइप न उघडता आतून धुणं) होतं, आणि दर वेळी नाल्यातलं पाणी वेगळंच असतं.

म्हणून पहिलं काम मोजणीचं. नाल्याच्या तोंडाशी व्ही-नॉच (प्रवाह मोजायची व्ही आकाराची खाच) बसवा, नाहीतर सरळ टाकी भरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा. २४ तास, दर तासाला. त्याच वेळी दर तासाला नमुना घ्या, त्या तासाच्या प्रवाहाच्या प्रमाणात एकत्र करा आणि प्रयोगशाळेत द्या. पनीर बनतं तो दिवस आणि बनत नाही तो दिवस, दोन्ही मोजा. पीएच मात्र जागच्या जागी बघा. नमुना लातूरला पोहोचेपर्यंत दुधाची साखर आंबते आणि पीएच खाली येतो.

आता पनीरबद्दल, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथंच आहे. हजार लिटर दुधाचं पनीर केलं की ८०० लिटरच्या आसपास पाणी सुटतं. त्या पाण्याचा बीओडी लिटरला ३० ते ४० ग्रॅम असतो. म्हणजे एवढ्याशा पाण्यात २८ किलोच्या आसपास बीओडी. तुमच्या सगळ्या कारखान्याचा मिळून रोजचा भार, १५०० धरला तर, ४० घनमीटरला ६० किलो होतो. दिवसभराच्या पाण्यात हे ८०० लिटर जेमतेम दोन टक्के आणि भार मात्र जवळपास निम्मा त्यांचाच. त्यासाठी स्टीलची हजार-दीड हजार लिटरची टाकी, एक छोटा पंप आणि गावातल्या पशुपालकांशी रोज पाणी उचलायचा पक्का व्यवहार एवढं पुरतं. पाणी ताजं असताना जनावरांना, हळूहळू सवय लावून, पशुवैद्यकाला विचारून द्यायचं. तिन्ही कोटेशनांत ही टाकी नाही. ईटीपीतलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त काम करणारं यंत्र तेच आहे.

दुधाच्या गळतीचंही तसंच. एक लिटर दुधाचा बीओडी सुमारे १०० ग्रॅम असतो. पिशव्या फुटून, टँकरच्या तळाशी राहून, पाइपात अडकून दिवसाला १०० लिटर दूध नाल्यात गेलं तर १० किलो भार वाढला आणि दुधाचे पैसेही गेले. पाइपलाइन धुताना पहिलं पांढरं पाणी वेगळं धरायची सोय करा. पॅकिंग मशीनखाली ट्रे ठेवा.

एवढं करूनही एरेशन टँक मात्र ६० किलोच्याच हिशेबाने बांधा. दूध संकलन वाढणार आहे, आणि पनीरचं पाणी न्यायला माणूस आला नाही असाही दिवस येणारच. यंत्रं नंतर वाढवता येतात, काँक्रीटची टाकी वाढवता येत नाही.

आता यंत्रांकडे. सुरुवातीला जाळी, आधी १० मिलिमीटरची आणि मग ३ मिलिमीटरची, दोन्ही एसएस ३०४ मधली. प्लास्टिकच्या पिशव्यांचे तुकडे आणि पनीरचे कण इथेच अडले पाहिजेत. पुढच्या पंपांचं निम्मं दुखणं या जाळीवर वाचतं. रोज उचलून साफ करता येईल अशी बसवा. खड्ड्यात उतरून साफ करावी लागणारी जाळी दोन महिन्यांनी कुणीही साफ करत नाही.

मग तूप-चरबीचा सापळा. चरबी वर तरंगण्यासाठी पाणी संथ आणि थंड हवं. सीआयपीचं ७०-८० अंशांचं पाणी थेट सापळ्यात आलं तर आधी जमलेली चरबीही वितळून पुढे जाते. गरम पाणी आधी एका उघड्या खड्ड्यात थांबवा आणि सापळ्यात अर्धा तास मुक्काम मिळेल एवढी जागा ठेवा. दुसऱ्या कोटेशनात डीएएफ धरलंय. ४ ते ६ बार दाबाखाली पाण्यात हवा विरघळवायची आणि दाब सोडला की बारीक बुडबुडे चरबीला चिकटून तिला वर आणतात, असं ते यंत्र. चांगलंच आहे. पण त्याला कॉम्प्रेसर, रिसायकल पंप, पॉलिमरची डोसिंग आणि ते सांभाळणारा माणूस लागतो. तूप मोठ्या प्रमाणावर काढत असाल तर घ्या. पिशवीतलं दूध आणि थोडा खवा यासाठी नीट बांधलेला सापळा पुरतो, मात्र वरची साय रोज काढायची.

इक्वलायझेशन टँक, म्हणजे वेगवेगळ्या वेळचं पाणी एकत्र मिसळायची टाकी, हा कोटेशनांत सगळ्यात जास्त कापला जाणारा भाग. तिसऱ्या, पॅकेजवाल्या कोटेशनात तो चार तासांचा आहे, आणि तेवढ्या एका कारणासाठी मी ते कोटेशन बाजूला ठेवलं असतं. तुमच्या सीआयपीत कॉस्टिकचा एक फेरा आणि नायट्रिक ॲसिडचा दुसरा. त्या तासांत नाल्यातलं पाणी पीएच १२ ला जातं आणि थोड्या वेळाने २ ला येतं. दोन्ही एका मोठ्या टाकीत मिसळली की बरीचशी एकमेकांना मारतात आणि न्यूट्रल करायला वेगळं केमिकल जवळजवळ लागत नाही. टाकी लहान असेल तर एकदा ॲसिड आणि एकदा कॉस्टिक पुढे जाऊन एरेशनमधले जिवाणू दोन्हीकडून मार खातात. किमान १२ तास, जमलं तर १६ तास पाणी मावेल एवढी टाकी बांधा. तुमच्यासाठी २५ घनमीटर. तिच्यात जाड बुडबुड्यांची हवा सतत सुरू ठेवा. हवा नसेल तर दुधाचं पाणी उन्हाळ्यात दोन-चार तासांतच आंबतं, पीएच उतरतो आणि वासाची तक्रार गावातून पहिल्यांदा इथलीच येते.

यूएएसबीचा मोह मला समजतो. तुमच्या आताच्या पाण्याचा सीओडी (बीओडीसारखंच माप, पण रसायनाने काढलेलं) २५०० धरला तर दिवसाला १०० किलो, त्यातला ८० टक्के निघाला तर किलोमागे ०.३५ घनमीटर मिथेन. म्हणजे २८ घनमीटर, खव्याच्या भट्टीला रोज एक व्यापारी सिलिंडर वाचेल एवढा. मराठवाड्याच्या हवेत टाकी तापवायलाही लागत नाही, ३०-३५ अंश पाणी आपोआप मिळतं. पण दुधाच्या चरबीने यूएएसबीतले दाणेदार गाळाचे कण हलके होऊन तरंगतात आणि वाहून जातात. एकदा गाळ गेला की पुन्हा जमायला महिने लागतात. शिवाय पनीरचं पाणी बाजूला काढलं की उरलेला भार गॅससाठी तोकडा पडतो. ४० घनमीटरला, केमिस्ट नसलेल्या डेअरीत, यूएएसबी घेऊ नका. एक्स्टेंडेड एरेशन घ्या, म्हणजे मोठ्या टाकीत जास्त वेळ हवा देणारी पद्धत. वीज जास्त खाते, पण चूक सहन करते.

सगळ्यात जास्त लक्ष एरेशनवर द्या, कारण पाणी खरं शुद्ध तिथेच होतं. बाकीची यंत्रं त्याच्या आधीची आणि नंतरची मदत आहेत. ६० किलो बीओडीसाठी टाकी साधारण १४० ते १५० घनमीटरची लागते, पाण्याची खोली साडेतीन मीटर. जिवाणूंना दिवसाला ९० किलोच्या आसपास ऑक्सिजन लागेल. हवा सोडणाऱ्या यंत्रांचे आकडे मात्र स्वच्छ पाण्यातले असतात. गढूळ, कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी मुरतो, म्हणून यंत्र निवडताना तो दुपटीने धरावा लागतो. २० अंशांच्या पाण्यात जास्तीत जास्त ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३५ अंशांच्या पाण्यात ७. आपण समुद्रसपाटीपासून सहाशे-साडेसहाशे मीटर वर, त्यामुळे आणखी थोडा कमी. त्यात उन्हाळ्यात जिवाणूंची भूकही वाढलेली. युरोपातल्या तक्त्यावरून काढलेला ब्लोअर (हवा फुंकणारं यंत्र) एप्रिल-मेमध्ये कमी का पडतो, याचं कारण हे. तुमच्यासाठी तासाला १५० घनमीटर हवा धरा. टाकीच्या तळाशी बारीक बुडबुडे सोडणारे डिफ्युझर असतील तर ट्विन लोब ब्लोअर ५ हॉर्सपॉवरचा पुरतो. मात्र दोन घ्या, एक चालता आणि एक राखीव, आणि दर आठवड्याला पाळी बदला. ‘राखीव नंतर घेऊ’ म्हणणाऱ्यांचा ब्लोअर नेमका दिवाळीच्या गर्दीत बसतो.

ब्लोअर कुठं बसवायचा हेही ठरवून सांगतो, कारण कोटेशनात ते नसतं. पश्चिमेच्या उन्हात तापणाऱ्या पत्र्याच्या बंद खोलीत नको. उत्तरेला सावलीत, हवा खेळेल अशी जागा. आपल्याकडे मार्चनंतर काळ्या मातीची धूळ उडते, तिने हवेचा फिल्टर आठवड्यात भरतो. तो रोज झटकायचा आणि बदलीचा एक कायम हाताशी ठेवायचा. डिलिव्हरी पाइपवर प्रेशर गेज असलाच पाहिजे, आणि नवा असताना तो किती दाखवतो ते भिंतीवर रंगाने लिहून ठेवा. समजा नव्या डिफ्युझरला काटा ०.४० बारवर होता. काही महिन्यांनी त्याच पाण्याच्या पातळीला तो ०.४६ वर गेला, तर डिफ्युझर चोंदतायत. काटा ०.३६ ला उतरला, तर कुठं तरी पाइप फुटलाय किंवा एखादी पडदी फाटलीय आणि हवा एकाच जागी भसाभस निघतेय. टाकीवर उभं राहून बघितलं की ती जागा लगेच दिसते. बाकी टाकी बारीक फेसाळते आणि तिथे पाणी उकळल्यासारखं उसळतं.

डिफ्युझरची पडदी ईपीडीएम रबराची नको. दुधाच्या चरबीने ती कडक होते आणि भोकं आकसतात. सिलिकॉन किंवा पॉलियुरेथेन मागा, महाग असली तरी. दुसरी अट याहून मोठी: डिफ्युझर टाकी रिकामी न करता वर उचलता आले पाहिजेत, दोरी किंवा साखळी लावून, एकेक फांदी वेगळी. तळाला बोल्ट मारून बसवलेले डिफ्युझर दुरुस्त करायचे म्हणजे १५० घनमीटर जिवंत गाळ कुठं तरी ओतून द्यायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. आपल्या भागातल्या बोअरचं पाणी जड आहे. पडदीवर क्षार बसतातच, वर्षातून एकदा तरी ती उचलून सौम्य ॲसिडने धुवावी लागते.

एमबीबीआरमध्ये टाकी लहान होते हे खरं. जागा नसेल, शहरात असाल तर जरूर घ्या. कळंबजवळ तुम्हाला जागेची अडचण नाही आणि त्या प्लास्टिकच्या चकत्यांवर चरबीचा थर बसला की त्या काम सोडतात. नको.

वीज गेली की काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण विचारायला हवा होता. दोन-तीन तास हवा बंद राहिली तर एरेशनचं फारसं बिघडत नाही. सहा-आठ तास गेले की गाळ काळपट होऊ लागतो, दिवसभर बंद राहिला तर सावरायला आठवडा जातो. डेअरीचा जनरेटर शीतगृहासाठी असतोच, त्यावर निदान एक ब्लोअर घ्या. ईटीपीला वेगळा वीजमीटर आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पाण्याला इलेक्ट्रोमॅग्नेटिक फ्लोमीटर बसवा. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्राच्या तपासणीत हे दोन्ही बघतात, आणि तुम्हालाही त्यातूनच कळतं की रात्री ब्लोअर खरंच चालू होता का.

क्लॅरिफायर, म्हणजे एरेशननंतर गाळ खाली बसवणारी टाकी, साधा, उभ्या कोनाच्या तळाचा घ्या, उतार ६० अंशांचा, व्यास सव्वादोन-अडीच मीटर. ट्यूब सेटलर रासायनिक गाळाला ठीक, जैविक गाळ त्याच्या नळ्यांत चिकटून सडतो. गाळ परत नेणारे पंप दोन, न चोंदणारे. पुढचे सँड फिल्टर आणि कार्बन फिल्टर शेवटचा हात फिरवण्यासाठी आहेत. एरेशन बिघडलेलं असताना कार्बन बदलून रिपोर्ट सुधारायला बघाल तर दर महिन्याला कार्बनचं बिल भराल.

आता आरओ. डेअरीसाठी केंद्राचं मानक बीओडी १००, तरंगते घन पदार्थ १५०, तेल-चरबी १० मिलिग्रॅम प्रति लिटर, पीएच ६.५ ते ८.५ आणि हजार लिटर दुधामागे सांडपाणी ३ घनमीटरपर्यंत. जिथं पाणी सोडता तो स्रोत पिण्याच्या पाण्याचा असेल तर बीओडी ३० पर्यंत कडक करता येतो. तुमच्या संमतीपत्रात लिहिलाय तोच आकडा तुम्हाला लागू. तुम्ही मांजरा खोऱ्यात आहात आणि लातूर शहर मांजरा धरणाचं पाणी पितं. २०१६ च्या उन्हाळ्यात त्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्या खोऱ्यात कुणी आंबलेलं दुधाचं पाणी ओढ्यात सोडत असेल तर मला ते मनापासून सहन होत नाही. तेव्हा आकडा १०० असला तरी लक्ष्य ३० चं ठेवा. नीट चाललेल्या एक्स्टेंडेड एरेशनला ते जमतं, आरओशिवाय. आरओ घेतला तर त्याचं खारट पाणी कुठं टाकायचं हा नवा प्रश्न, आणि त्यासाठी पुढे बाष्पीभवनाचं यंत्र, त्याला वाफ, त्याला इंधन. या आकाराच्या डेअरीला ती साखळी झेपत नाही.

शुद्ध केलेलं पाणी चाऱ्याला द्या. दिवसाला ४० घनमीटर म्हणजे हेक्टरभर नेपियरवर रोज ४ मिलिमीटर, उन्हाळ्यात ते सगळं पिऊन टाकेल. पावसाळ्यात पिणार नाही, म्हणून साठवण तळं आणि परवानगी दोन्ही आधी बघा. एक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. सीआयपीचा कॉस्टिक म्हणजे सोडियम, आणि ते कुठल्याच एरेशनने निघत नाही. आपल्या भारी काळ्या जमिनीत ते साठत गेलं तर पाच-सात वर्षांत जमीन चोपण होते, वर पाणी साचतं आणि नांगर लागत नाही. वर्षातून एकदा पाण्याचा एसएआर (कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या तुलनेत सोडियम किती, ते प्रमाण) आणि मातीची तपासणी करा. कॉस्टिकचा पहिला फेरा टाकीत धरून पुन्हा वापरा, त्याने खर्चही वाचतो.

गाळ दिवसाला दीड-दोन घनमीटर पातळ निघेल, सुकवल्यावर १८-२० किलो. फिल्टर प्रेसपेक्षा ड्राइंग बेड घ्या, शंभर चौरस मीटर, चार-पाच वाफ्यांत विभागून. ऊन आपल्याकडे फुकट आहे. जून ते सप्टेंबरसाठी वर पारदर्शक पत्रा टाका, बाजू उघड्या ठेवा.

चालवणाऱ्या माणसाला एक चाचणी शिकवाच. एक लिटरची काचेची नळी, एरेशन टँकचं पाणी भरायचं, सावलीत ठेवायची, हलवायची नाही, ३० मिनिटांनी गाळ कुठं बसला ते वाचायचं. तपकिरी गाळ २५० ते ३५० मिलिलिटरवर, वरचं पाणी नितळ, तर सगळं ठीक. ७००-८०० वरच अडकून राहिला आणि कापसासारखा फुगलेला दिसला तर धाग्यासारखे जिवाणू वाढलेत. डेअरीत त्याचं पहिलं कारण हवा कमी पडणं, म्हणून आधी डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) बघा, तो लिटरला २ मिलिग्रॅमच्या आसपास हवा. गाळ खाली बसून तासाभरात तुकड्यांनी वर येत असेल तर क्लॅरिफायरमधून गाळ वेळेवर उचलला जात नाही. रोज सकाळी एक आकडा वहीत. ऑनलाइन मीटर बंद पडेल, ही नळी पडत नाही.

एक सूचना हात जोडून. इक्वलायझेशन टँकमध्ये किंवा पंपाच्या खड्ड्यात कुणालाही उतरवू नका, पंप अडकला तरी, पाच मिनिटांचं काम असलं तरी. आंबलेल्या गाळातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो, आणि तो जास्त झाला की नाकाला वास यायचा बंद होतो. उतरलेला कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही कोसळतो. पंप वरून साखळीने ओढता येतील असेच घ्या, ही अट कोटेशनात लेखी टाका.

सुरुवातीला जिवाणू आणायला बरेच जण शेणाच्या पाट्या ओततात. त्याने काम होतं, पण शेणातला तंतू पंपात आणि डिफ्युझरवर बसतो. जवळच्या चालत्या डेअरीच्या किंवा साखर कारखान्याच्या एरेशन टँकमधला गाळ टँकरने आणा, मालकाला विचारून. पहिल्या आठवड्यात पाव भार द्या, गाळ वाढेल तसा भार वाढवा, पूर्ण भाराला तीन-चार आठवडे लागतील.

पैशाचं असं करा. पहिल्या कोटेशनवाल्याला यूएएसबी काढून, इक्वलायझेशन २५ घनमीटर करून, दोन ब्लोअर, उचलता येणारे सिलिकॉन डिफ्युझर आणि झाकलेले ड्राइंग बेड घालून नवा दर मागा. शेवटचे २० टक्के पूर्ण भारावरचे तीन लागोपाठचे महिने पाण्याचे रिपोर्ट ठीक आल्यावरच, आणि त्यातला एक महिना एप्रिल किंवा मे असेल असं करारात लिहून घ्या.